प्रॉबेबिलिटीचं उत्तर पर्यायांत सापडतं, तरी चुकतं: बिघाड छेदात शोधा

सूत्रं पाठ आहेत. फासे, पत्ते, रंगीत गोट्या, सगळं दळून झालंय. तरी मॉक टेस्टचा निकाल उघडला की प्रॉबेबिलिटीच्याच प्रश्नांपुढे फुली, आणि आपण काढलेलं उत्तर तर पर्यायांत धडधडीत छापलेलं. ‘सर, ऑप्शन में था ना!’ इंदूरला रामबागेत संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या मुलांची ही नेहमीची तक्रार. त्यातली बरीचशी दिवसा भंवरकुआंच्या क्लासला जाऊन आलेली असतात, म्हणजे शिकवणीची वानवा नाही. सूत्र चुकलं म्हणून उत्तर चुकलं, असं फार क्वचित होतं. चुकतो तो छेद. एकूण शक्यता किती आणि त्या सगळ्या सारख्या वजनाच्या आहेत का, हे ठरवायच्या आधीच अंश लिहून मोकळं व्हायची सवय लागलेली असते.

आयपीमॅट, जीआरई, सॅट, कॅट, कुठल्याही प्रवेशपरीक्षेची तयारी चालू असली तरी खालचं सगळं लागू पडेल. इंदूरजवळच्या राऊच्या आयआयएमचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स २०११ पासून चालू आहे, आयपीमॅट ही त्याचीच प्रवेशपरीक्षा, त्यामुळे आपल्याकडे बारावीतली मुलंही या रांगेत असतात. परीक्षांचे साचे वेगळे, पण प्रॉबेबिलिटीचे साधे प्रश्न सगळीकडे त्याच चार-पाच ठिकाणी अडकवतात. आणि उत्तर पर्यायांत का सापडतं, तर पेपर काढणारे चुकीचे पर्याय हवेतून आणत नाहीत. मुलं कुठे घसरतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि त्या घसरणीवर येणारं उत्तर ते मुद्दाम छापतात. तेव्हा पर्यायाशी जुळलं हा पुरावा नव्हे. आयपीमॅटच्या शॉर्ट आन्सर विभागात पर्यायच नसतात, तिथे निदान हा खोटा दिलासा मिळत नाही.

आधी हे बघा

उत्तर शून्य ते एकच्या मध्ये आहे का? एकच्या वर गेलं असेल तर पुढे काही तपासायचंच नको, बेरजेत घोळ आहे. मग अंदाज: ही गोष्ट घडण्याचा संभव निम्म्याहून जास्त वाटतो की कमी? हे गणित सुरू करण्याआधी मनात ठरवायचं, नंतर नाही. नंतर ठरवलं की मन आलेल्या उत्तराच्या बाजूने साक्ष देतं.

छेदात ३ किंवा ११ आला

दोन नाणी उडवली. दोन्ही छापे येण्याची संभाव्यता? ‘छापे शून्य येतील, एक येईल किंवा दोन येतील. तीन शक्यता, म्हणून १/३.’ असं म्हणणारा मुलगा ढ नसतो. फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशाच्या चौथ्या खंडात याच जातीची गफलत छापून ठेवली आहे. दोन फेकींत किमान एक छापा येण्याची संभाव्यता त्याने २/३ धरली. त्याचं म्हणणं असं, की पहिल्याच फेकीत छापा आला तर डाव तिथेच संपला, दुसरी फेक कशाला? म्हणून शक्यता तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. शक्यता तीन आहेत हे खरंच आहे. पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. पहिलीचं वजन अर्धं, उरलेल्या दोघींचं पाव-पाव. बरोबर उत्तर ३/४, आणि आपल्या दोन्ही छाप्यांच्या प्रश्नाचं १/४.

अंशाला छेदाने भागायचं सूत्र फक्त सारख्या वजनाच्या शक्यतांना चालतं. पुस्तकात हे व्याख्येच्या ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ कुणी वाचत नाही.

फाशांचं तेच. दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे अकरा बेरजा. म्हणून बेरीज ८ येण्याची संभाव्यता १/११, असं उत्तर येतं. इलाज सोपा आहे: एक फासा लाल समजा, दुसरा पांढरा. प्रश्नात दोन्ही एकसारखे दिले असले तरी. फाशांना आपण त्यांना वेगळं ओळखतो की नाही याची काही पडलेली नसते, ते पडायचे तसेच पडतात. आता लालवर ६ आणि पांढऱ्यावर ६, असे ३६ चौकोन. बेरीज ८ कुठे? (२,६), (३,५), (४,४), (५,३), (६,२). पाच. उत्तर ५/३६.

इथे हमखास अडतं ते (४,४) वर. ‘सर, ते दोनदा नको का धरायला?’ नको. लाल ३ पांढरा ५ आणि लाल ५ पांढरा ३ हे दोन वेगळे चौकोन आहेत. लाल ४ पांढरा ४ हा एकच. वाद घालत बसण्यापेक्षा चौकटी आखा आणि बोट ठेवा. एकदा सगळी चौकट भरली की दिसतं, बेरीज ७ चे सहा चौकोन, तिथून दोन्हीकडे एकेक कमी होत जातं: ६ आणि ८ चे पाच, ५ आणि ९ चे चार, टोकाला २ आणि १२ चा एकेक. हे लक्षात राहिलं की परीक्षेत चौकट आखावीही लागत नाही.

तीन फाशांचा असाच एक प्रश्न गॅलिलिओपुढे आला होता. बेरीज ९ सहा तऱ्हांनी जमते, १० सुद्धा सहाच तऱ्हांनी, मग खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा का दिसतो? तऱ्हा मोजल्या तर दोन्हीकडे सहा. पण १-२-६ ही तऱ्हा तीन फाशांवर सहा प्रकारे पडते, १-४-४ तीन प्रकारे आणि ३-३-३ फक्त एका प्रकारे. मोजणी पुरी केली की २१६ पैकी ९ ला २५ आणि १० ला २७. ज्यांना यादी करून बघायची आहे त्यांनी जरूर करा, या विषयात यादीसारखा गुरू नाही.

उत्तर खऱ्या उत्तराच्या नेमकं निम्मं आलं

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, म्हणून जरा थांबतो.

प्रश्न असा: गणेशोत्सवाच्या समितीत ५ मुली आणि ४ मुलगे आहेत. चिठ्ठ्या टाकून दोघांना निवडायचं. एक मुलगी आणि एक मुलगा निवडला जाण्याची संभाव्यता किती?

एका मुलीची रफ वही माझ्यासमोर होती. आधीच्या ओळीत ‘दोन्ही मुली’ हा प्रश्न सुटलेला: ५/९ × ४/८ = २०/७२ = ५/१८. बरोबर. त्याच्या खालीच ‘एक मुलगी, एक मुलगा’: ५/९ × ४/८ = २०/७२ = ५/१८. खाली दुहेरी रेघ, शेजारी पर्याय ‘बी’ला गोल. दोन वेगळ्या प्रश्नांची अगदी तीच मांडणी एकाखाली एक होती आणि तिला काही खटकलं नव्हतं.

‘दोघंही मुलगे असले तर?’

‘४/९ गुणिले ३/८. १२/७२. ३/१८.’

‘दोन मुली, दोन मुलगे, किंवा एक-एक. याशिवाय चौथं काही होऊ शकतं?’

‘नाही.’

‘मग तिघांची बेरीज कर.’

५ आणि ५ आणि ३, तेरा. १३/१८. ‘एक यायला पाहिजे ना सर?’ म्हणत तिने पेन्सिलीचं टोक पहिल्या ओळीवर ठेवलं. ‘पाच कम पड रहे हैं.’ आणि मग तिचं तिलाच: ‘हां, मुलगा आधी निघाला आणि मुलगी नंतर, ते धरलंच नाही.’ मुलगी-मुलगा ५/१८, मुलगा-मुलगी ५/१८, मिळून १०/१८, म्हणजे ५/९.

चिठ्ठ्या एकेक काढल्यासारखा गुणाकार केला की क्रम आपोआप आत येतो. ५/९ × ४/८ याचा अर्थ ‘पहिली मुलगी आणि दुसरा मुलगा’ एवढाच. प्रश्नात क्रम विचारलेला नसेल तर उरलेले क्रमही मिळवायला हवेत. ‘दोन्ही मुली’मध्ये हा त्रास होत नाही, कारण तिथे मुलगी-मुलगी हा एकच क्रम आहे.

ज्यांना निवडीच्या मोजणीने जायचं आहे त्यांच्यासाठी: नऊतून दोन निवडायचे प्रकार ३६. एक मुलगी एक मुलगा, ५ × ४ = २०. २०/३६ = ५/९. दोन्ही वाटा एकाच गावी पोचतात. घोळ होतो तो अर्धी वाट इकडची आणि अर्धी तिकडची धरल्याने. ‘दोन्ही मुली’साठी वर निवडीचे १० आणि खाली क्रमाचे ७२ घेतले की ५/३६ येतं. वर क्रमाचे २० आणि खाली निवडीचे ३६ घेतले की ५/९ येतं. या दोन्ही आकड्यांना पर्यायांत जागा ठेवलेली असते. अंशात क्रम मोजला तर छेदातही मोजायचा, अंशात नाही तर छेदातही नाही. मी मुलांना छेदाच्या शेजारी एक अक्षर लिहायला लावतो, क्रम असेल तर ‘क्र’ आणि निवड असेल तर ‘नि’. मग अंशावर तेच अक्षर आलं पाहिजे. मुलांना हे पोरकट वाटतं, पण चुका थांबतात.

आणि वर केला तो ताळा. आपल्या आजोबांच्या पिढीला नऊचा ताळा येत होता, प्रॉबेबिलिटीत एकचा ताळा येतो. सगळ्या शक्य घटनांची बेरीज एक झाली पाहिजे. वेळ असेल तेव्हा कराच. जीआरईत सप्टेंबर २०२३ पासून गणिताचे २७ प्रश्न ४७ मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटं. तेवढ्यात हा ताळा बसतो, कारण उरलेल्या शक्यतांची गणितं त्याच छेदावर असतात.

‘परत न ठेवता’

पत्त्यांच्या जोडातून दोन पत्ते काढले, दोन्ही राजे. पहिला पत्ता परत ठेवला तर ४/५२ × ४/५२ = १/१६९. परत न ठेवता ४/५२ × ३/५१ = १/२२१. इथवर सगळ्यांना येतं. प्रश्नात ‘दोन पत्ते एकदम काढले’ असं असेल तर ते परत न ठेवल्यासारखंच धरायचं, इथवरही ठीक.

अडतं ते पुढे. ‘पत्ते परत न ठेवता काढले. दुसरा पत्ता राजा असण्याची संभाव्यता?’ पहिला पत्ता काय होता ते सांगितलेलं नाही. मुलं ३/५१ लिहितात, काही ४/५१ लिहितात, आणि बरोबर उत्तर १/१३ आहे हे ऐकल्यावर संशयाने बघतात. मांडून बघा: पहिला राजा निघून दुसराही राजा, १२/२६५२. पहिला राजा नसून दुसरा राजा, १९२/२६५२. बेरीज २०४/२६५२, म्हणजे बरोब्बर १/१३.

पत्त्यांवर विश्वास बसत नसेल तर भिशी घ्या. बारा बायकांची भिशी, दर महिन्याला एक चिठ्ठी, जिची निघाली तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. मावशीचा नंबर तिसऱ्या महिन्यात लागण्याची संभाव्यता? पहिल्या महिन्यात लागला नाही ११/१२, दुसऱ्यात लागला नाही १०/११, तिसऱ्यात लागला १/१०. गुणाकारात ११ आणि १० कटतात, उरतं १/१२. कुठलाही महिना घ्या, १/१२ च. आधी काढणारीचा काही फायदा नाही आणि शेवटच्या चिठ्ठीवर अन्याय नाही. तसा असता तर भिशी चाललीच नसती, पहिल्याच बैठकीत भांडणं झाली असती.

पण दोन महिने उलटले, मावशीचं नाव निघालं नाही, आणि आता विचारलं की या महिन्यात किती? तर १/१०. डबा तोच, चिठ्ठी तीच, फक्त आपल्याला दोन निकाल कळले आहेत. प्रश्न वाचताना बघायचं ते हेच: पहिल्या चिठ्ठीचा निकाल आपल्याला सांगितला आहे की नाही? सांगितला असेल तर छेद बदला. नसेल तर दुसरा पत्ता, सातवा पत्ता, शेवटचा पत्ता, सगळे पहिल्यासारखेच.

उत्तर एकच्या वर गेलं, किंवा थोडक्यात वाचलं

दोन कारणं. पहिलं लवकर संपतं: ‘किंवा’ दिसलं की नुसती बेरीज. राजा किंवा बदाम, ४ + १३ = १७, म्हणून १७/५२. बदामचा राजा दोनदा मोजला. एक वजा करा, १६/५२ = ४/१३. बेरीज करण्याआधी ‘दोन्हींत बसणारा कुणी आहे का’ एवढंच विचारायचं.

दुसरं कारण ‘किमान एक’. फासा चार वेळा टाकला, किमान एकदा सहा येण्याची संभाव्यता? ‘एकदाची १/६, चारदाची ४/६.’ मग याच हिशेबाने सहा फेकींत सहा आलाच पाहिजे, आणि सात फेकींत ७/६. ल्यूडो खेळताना गोटी घरातच अडकून बसलेल्या कुणालाही विचारा, सहा फेकींत सहा हमखास येतो का ते.

उलटीकडून जा. एकदाही सहा नाही: ५/६ चार वेळा गुणून ६२५/१२९६. उरलेलं ६७१/१२९६, म्हणजे ०.५१८ च्या आसपास. निम्म्याहून जेमतेम वर. फ्रेंच गणिती पास्कलने जुलै १६५४ मध्ये फर्मा या दुसऱ्या गणित्याला लिहिलेल्या पत्रात हेच ६७१ आणि ६२५ आकडे आहेत. शेव्हालिए द मेरे या गृहस्थाची तक्रार होती की एका फाशाच्या ४ फेकी फायद्याच्या, तर दोन फाशांवर जोडीने सहा यायला २४ फेकीही फायद्याच्या असायला हव्यात, कारण ४ ला ६ तसे २४ ला ३६. पण २४ फेकींत ही संभाव्यता ०.४९१ च्या जवळपास येते, निम्म्याच्या खाली. त्रैराशिक इथे चालत नाही, ते यासाठीच.

उलट घेताना काय उलटायचं यातही चूक होते. ‘किमान एक’च्या उलट ‘एकही नाही’. ‘किमान दोन’च्या उलट ‘शून्य किंवा एक’. इथे मुलं फक्त शून्य वजा करून थांबतात. ‘सगळे पास’च्या उलट ‘सगळे नापास’ नव्हे, ‘किमान एक नापास’. शंका आली तर संख्या ओळीने लिहा, ०, १, २, ३, ४, आणि हव्या त्यांना गोल करा. गोलाबाहेर उरलं ते उलट.

गुणाकार करायची परवानगी कुणी दिली?

‘अ घडण्याची संभाव्यता ०.६, ब घडण्याची ०.५. दोन्ही घडण्याची?’ हात लगेच ०.३ लिहितो. पण दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं प्रश्नात कुठे म्हटलंय? म्हटलं नसेल तर दोन्ही घडण्याची संभाव्यता कमीत कमी ०.१, कारण ०.६ आणि ०.५ मिळून १.१ होतात, त्यातला एकच्या वरचा भाग सामाईक असलाच पाहिजे. आणि जास्तीत जास्त ०.५. जीआरईच्या तुलनेच्या प्रश्नांत एका बाजूला ‘अ आणि ब दोन्ही’ आणि दुसऱ्या बाजूला ०.३ असं असेल तर उत्तर चौथा पर्याय, ठरवता येत नाही.

स्वतंत्र घटना आणि एकदम घडूच न शकणाऱ्या घटना या दोन गोष्टी मुलं एकच समजतात. त्या जवळपास उलट्या आहेत. एकदम घडूच शकत नसतील तर एक घडली हे कळताच दुसरीची संभाव्यता शून्य होते, मग स्वातंत्र्य राहिलं कुठे?

तीन उत्तरं निघतात आणि तिन्ही पर्यायांत आहेत

तक्त्याचा प्रश्न, सॅटचा आवडता. समजा क्लासमध्ये १२० मुलं. सकाळच्या बॅचला ५०, त्यांतली २० सिटीबसने येतात आणि ३० गाडीने. संध्याकाळच्या बॅचला ७०, त्यांतली ४० बसने, ३० गाडीने.

बसने येणाऱ्यांतून एकाला निवडलं, तो सकाळच्या बॅचचा असण्याची संभाव्यता? २०/६० = १/३.
सकाळच्या बॅचमधून एकाला निवडलं, तो बसने येणारा असण्याची? २०/५० = २/५.
सगळ्यांतून एकाला निवडलं, तो सकाळचाही आणि बसचाही असण्याची? २०/१२० = १/६.

अंश तिन्हींत तोच २०. सगळा खेळ छेदाचा, आणि छेद ठरतो तो ‘कुणातून निवडलं?’ या एका प्रश्नावर. इंग्रजी पेपरात हे ‘गिव्हन दॅट’ किंवा ‘ऑफ दोज हू’च्या पाठोपाठ येतं, आणि वाक्याच्या शेवटी लपवलेलं असतं. त्या शब्दांखाली रेघ मारा, तक्त्यात त्या ओळीवर किंवा स्तंभावर बोट ठेवा, बाकी तक्ता नाहीच असं समजा. ज्या ओळीवर बोट आहे तिची बेरीज म्हणजे छेद. संगणकावरच्या परीक्षेत स्क्रीनवर बोट ठेवायलाही कुणाची ना नसते.

आकडेमोड

याला फार जागा देत नाही. गुणाकार करण्याआधी काटाकाट करा, ७/१० × ६/९ चे आधी ४२/९० करू नका. जीआरईत अपूर्णांक टाइप करायचा असेल तर तो संक्षिप्त रूपातच हवा असं नाही, २०/३६ टाकलं तरी ५/९ इतकेच मार्क. आयपीमॅटला कॅल्क्युलेटर मिळत नाही, तेव्हा घरी सरावालाही तो ड्रॉवरमध्येच राहू द्या.

येतच नसेल तर ठोकावं का?

हासुद्धा प्रॉबेबिलिटीचाच प्रश्न आहे, आणि याचं उत्तर परीक्षेपरीक्षेला बदलतं. आयपीमॅटच्या चार पर्यायांच्या प्रश्नाला बरोबर असेल तर ४, चुकलं तर उणे १. डोळे मिटून ठोकलं तर ४ × १/४ मधून १ × ३/४ गेले, सरासरी पाव मार्क फायदा. कॅटला ३ आणि उणे १, तिथे आंधळा ठोका बरोबर शून्यावर येतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला की दोन्हीकडे फायदा: आयपीमॅटला सरासरी २/३, कॅटला १/३. प्रॉबेबिलिटीच्या प्रश्नात पर्याय बाद करणं सोपं असतं, कारण सुरुवातीचा ‘निम्म्याहून जास्त की कमी’ हा अंदाज बहुतेकदा दोन पर्याय कापतो. आणि जीआरई-सॅटला चुकीचे मार्क कापतच नाहीत, तिथे रिकामं सोडणं म्हणजे निव्वळ आळस.

सरावाच्या वहीबद्दल एकच सूचना. चुकलेल्या प्रश्नाचं पूर्ण बरोबर उत्तर उतरवून काढू नका, त्याने हस्ताक्षर सुधारतं. आपलं चुकलेलं उत्तर लिहा, आणि ते कुठल्या चुकीने येतं ते एका ओळीत: ‘क्रम सुटला’, ‘सामाईक दोनदा मोजलं’, ‘छेद सगळ्यांचा घेतला, बसवाल्यांचा हवा होता’. आठवड्याभराने वही चाळली की आपला बिघाड कोणता ते दिसतं. बहुतेकांचा एकच असतो, फार तर दोन.

करून बघा

पाच मित्र छप्पन दुकानाच्या एका बाकावर ओळीने बसले. त्यांतले ठरावीक दोघं शेजारी असण्याची संभाव्यता? तुमचं उत्तर १/५ आलं असेल तर त्या दोघांनी आपसांत जागा बदललेली तुम्ही धरली नाही. बरोबर २/५.

दहा बल्बांत तीन खराब. दोन काढले, किमान एक खराब असण्याची? ३/५ आलं तर ३/१० दोनदा मिळवलंत. दोन्ही चांगले ७/१५, म्हणून उत्तर ८/१५. दोन्हींत जेमतेम १/१५ चा फरक आहे, त्यामुळे इथे अंदाजाने चूक पकडता येत नाही, मांडायलाच लागतं.

दोन फासे टाकले. बेरीज सम आली आहे असं सांगितलं, तर गुणाकारही सम असण्याची संभाव्यता? ३/४ लिहिलं असेल तर अजून ३६ च चौकोन धरून बसला आहात. बेरीज सम असलेले चौकोन १८. त्यांतले ९ सम-सम, ९ विषम-विषम. गुणाकार सम फक्त पहिल्या नवांत, म्हणून १/२. आणि १/४ आलं असेल तर अंश बरोबर नऊच घेतलात, छेद तेवढा ३६ राहिला.